पेल्यातलं गुऱ्हाळ

रविवारची सकाळ, घरात फोडणीच्या पोह्यांचा वास, नातवंडं पुरवणीतल्या चित्रांवरून भांडताहेत, अशा वेळी कुणी दारूविषयी लिहिलेलं समोर टाकावं हे काही बरं नव्हे. आमच्या घरात तर हा शब्द मोठ्यानं उच्चारायचीही पद्धत नव्हती. ‘त्याला सवय आहे’ एवढंच म्हणत. कसली सवय, ते पोरांनी विचारायचं नसे. तरीही आज लिहितो आहे. २०२३ च्या जुलैत मॉरिशसमधल्या एका डोंगरगावी, एका लहानशा पेल्यात मला माझ्या वडिलांचं गुऱ्हाळ भेटलं. पेल्यात रम होती.

मी मूळचा पंचगंगेकाठचा. पुढं तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी ऊसपट्ट्यातल्या शाखांमध्ये. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा हे शब्द मला काव्यशास्त्रातल्या रसांच्या आधी पाठ झाले. पीककर्जाच्या फायलीत त्यांच्यावाचून पान हलत नसे. शेतकऱ्याचं बिल कारखान्याकडून यायचं, त्यातून सोसायटीचं आणि आमचं कापून उरेल ते त्याच्या हाती. रात्री मी कादंबऱ्या लिहायचो आणि त्यांतही ऊसच यायचा. तुझ्या पुस्तकांना चिपाडाचा वास येतो, असं एक मित्र म्हणायचा. त्याला ते दूषण वाटे, मला नाही.

कारण चिपाडाचा वास हा माझ्या लहानपणाचा वास आहे. वडिलांचं गुऱ्हाळ थंडीत चालायचं. पहाटे चरकाचा आवाज सुरू झाला की आम्ही भावंडं घोंगडी पांघरून तिकडं पळायचो. चरकातून फेसाळ रस पडायचा, काहिलीत जायचा. खाली चुलवाणात वाळलेलं चिपाड कोंबलं जायचं. गुळव्या भेंडीचं पाणी ओतायचा, की रसातला सगळा मळ वर यायचा. तो तो झाऱ्यानं काढून बाजूला टाकायचा. त्या साईसारख्या घाणीला मळी म्हणत. पण काहिलीकडं जाण्याआधीचा, चरकाच्या तोंडाखालचा रस वडील तांब्यात धरून आम्हाला द्यायचे. ताज्या रसाला गोडाच्या आधी एक हिरवा वास असतो. पात्याचा, दव पडलेल्या बांधाचा. तासाभरात तो जातो. रसवंतीवाले आलं-लिंबू घालतात ते चवीसाठी हे खरं. पण गेलेल्या हिरवेपणाची भरपाई म्हणूनही घालत असावेत, असा माझा संशय आहे.

माझा थोरला भाऊ, आण्णा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. चरकात ऊस लावायला तोच बसायचा. हात चरकात जाईल म्हणून आम्हाला जवळ फिरकू देत नसे. पुढं गुऱ्हाळ परवडेना, ऊस कारखान्याला जायला लागला आणि आण्णा एका कारखान्याच्या डिस्टिलरीत लागला. तिथं मळी या शब्दाचा दुसरा अर्थ आमच्या घरात आला. साखर काढून घेतल्यावर मागं उरतो तो काळा, चिकट, जड राब. तो आंबवून त्यापासून मद्यार्क करतात. आपली देशी त्याचीच आणि आपल्याकडची बहुतेक रमही त्याचीच. आण्णाच्या कपड्यांना तो वास यायचा. वहिनी ते कपडे वेगळे धुवायच्या. मग तो वास कपड्यांवरून तोंडाला आला. आधी पगाराच्या दिवशी, मग कुठल्याही दिवशी. १९९४ च्या श्रावणात आण्णा गेला. यकृत संपलं होतं. वय त्रेचाळीस.

तेव्हापासून मी रमला शिवलो नव्हतो. सोवळा होतो असं नाही; बँकेतल्या पार्ट्यांना बियरचा एक ग्लास संध्याकाळभर हातात धरून मी पुष्कळ गप्पा मारल्या आहेत. पण रमची बाटली उघडली की माझ्या नाकाला आण्णाचा सदरा यायचा.

असो. आता मॉरिशस.

लेक आणि जावई नोकरीनिमित्त तिकडं कात्र बोर्नला राहत होते. आम्ही दोघं महिनाभर गेलो. मॉरिशसमध्ये ऊस पाहायला मुद्दाम जावं लागत नाही, ऊस नसलेली जागा शोधावी लागते. रस्त्याच्या दोहों बाजूंना ऊस, डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस, आणि फडाच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग, पिरॅमिडसारखे रचलेले. ते काय, असं आमच्या टॅक्सीवाल्याला विचारलं. तो माझ्याच वयाचा, तिथला मराठी माणूस. शाळेत मराठी शिकलेला, घरात क्रिओल बोलणारा. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून गेलेले. तो म्हणाला, “भाऊ, ही सगळी जमीन दगडाची. आमच्या आज्या-पणज्यांनी हातानं वेचून ते ढीग केले. मग ऊस झाला.”

१८३४ पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक गिरमिटिये हिंदुस्थानातून त्या बेटावर उतरले. बहुतेक बिहारकडचे, मग तमिळ, तेलुगू आणि आपल्याकडचे मराठी. पोर्ट लुईला ज्या धक्क्यावर ते उतरले तो अप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या मी चढून आलो. चढायला फार वेळ लागत नाही.

जावई आमचा हौशी. त्यानं एका रविवारी ठरवलं, “बाबा, तुम्ही उसावर इतकं लिहिलंत. शामारेलला उसाच्या रसाची रम करतात. मळीची नाही, रसाची. बघाच एकदा.” मी हिच्याकडं पाहिलं. ही म्हणाली, “तुम्हाला घ्यायची तर घ्या. मी बागेत बसते.” त्यात परवानगी होती की नाही, हे छत्तीस वर्षांच्या संसारानंतरही मला सांगता येणार नाही.

शामारेल हे नैऋत्येकडच्या डोंगरातलं गाव. सात रंगांच्या मातीसाठी पर्यटक तिथं जातात. तिथली रम-भट्टी २००८ पासूनची. मी बँकेतला माणूस, आधी कारखाना पाहिला. आणि पाहता पाहता मनातून हसलो. हे तर गुऱ्हाळच! ऊस हातानं तोडलेला, तोडल्यावर लवकरात लवकर चरकात, कारण उसाचा रस थांबत नाही, आपणहून आंबायला लागतो. चिपाड वाळवून बॉयलरखाली. फरक एवढाच की रस काहिलीत न जाता पोलादी टाकीत जातो. तिथं त्यात यीस्ट घालतात आणि तो दोन-तीन दिवस बुडबुडत राहतो. त्याची पाच-सहा टक्क्यांची फिकी, आंबूस वाईन होते. ती तांब्याच्या पात्रातून ऊर्ध्वपातन करून थेंबाथेंबानं उतरते. ती पाण्यासारखी स्वच्छ रम पिंपात न घालता पोलादाच्याच टाकीत काही काळ निवू देतात आणि हळूहळू पाणी घालून तिची ताकद उतरवतात. बस्स. ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवली की रमला तपकिरी रंग येतो, व्हॅनिला-खारकेचा वास येतो. तो लाकडाचा असतो. हिच्यापाशी लाकूड नाही, त्यामुळे काही झाकायची सोयही नाही. ऊस वाईट असेल तर रम वाईट.

जगातली बहुतेक रम मळीची असते, आणि त्यामागं साधा हिशेब आहे. साखर विकून पैसे करायचे आणि उरलेल्यातून वर आणखी थोडे. मग रसाचीच रम करण्याचा उद्योग कुणी का करावा? याचं उत्तर कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक या फ्रेंच बेटावर मिळतं. एकोणिसाव्या शतकात युरोपात बीटची साखर वाढली, उसाच्या साखरेचा भाव कोसळला, मळेवाले बुडाले. साखर विकली जात नाही तर रसाचं करायचं काय, म्हणून त्यांनी रसच आंबवायला घेतला. म्हणजे हा उंची प्रकार मुळात थकबाकीतून जन्माला आला, हे कळल्यावर मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली. त्याला ते ‘रम आग्रिकोल’, शेतातली रम, म्हणतात. १९९६ साली मार्तिनिकच्या या रमला फ्रान्समध्ये वाईनसारखंच मूळस्थानाचं संरक्षण मिळालं. कुठल्या जमिनीतला ऊस, कसला, कसा गाळायचा, सगळं लिहून ठेवलेलं. आपल्या कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातलाच प्रकार. ब्राझीलमध्ये रसाचीच दारू शतकांपासून होते, तिला काशासा म्हणतात, पण तिचं घराणं निराळं.

मॉरिशसमध्येही तेच घडलं, फक्त शतकाहून अधिक उशिरानं. युरोप त्यांची साखर हमीभावानं घेत असे. २००६ पासून चार वर्षांत तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला गेला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पांपलमूसजवळच्या, त्याआधीच बंद पडलेल्या एका गिरणीचं तर संग्रहालय झालं आहे. अशा वेळी काही जणांनी साखर सोडून रसाकडं पाहिलं. कर्ज मंजूर करायला कुणी मला बसवलं असतं तर प्रस्ताव मी मंजूर केला असता.

आता चव. टेबलावर ट्यूलिपच्या फुलासारखा वर निमुळता झालेला पेला आला. त्यात अंगठाभर पांढरी रम. ताकद पन्नास टक्के. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ असतं, म्हणजे हिशेब करा. ओतणाऱ्या मुलीनं सांगितलं, पेला हलवू नका, नाक आत खुपसू नका, थोडं लांबून वास घ्या. मी लांबून वास घेतला.

आणि मी चरकाजवळ होतो. तोच हिरवा वास. दव, पातं, ओलं चिपाड. त्यामागं केळीचा सोप कापल्यावर येतो तसा तुरट वास, आणि त्याच्याही मागं खारवलेल्या कैरीच्या बरणीतलं पाणी. गोडाचा मागमूस नाही. मळी नाही. आण्णाचा सदरा नाही. मी दोनदा, तीनदा वास घेऊन पाहिला. मला तो सदरा तिथं अपेक्षित होता. जावई विचारत होता, “बाबा, कशी आहे?” मला बोलता येईना. त्याला वाटलं कडक लागली.

कडक होतीच. पहिला घोट जिभेवर आगीसारखा पसरला आणि चव कळायच्या आधीच संपला. पहिल्या घोटावरून मत बनवू नये. दुसरा त्याच्या निम्मा घेतला आणि तोंडात थोडा फिरवला. आता मिरीसारखं काही, मग उसाच्या पेराजवळ चावल्यावर लागतं ते खारट-तुरट, आणि गिळून झाल्यावर बराच वेळ नुसता रस. गोड नाही पण रस. त्यात चमचाभर पाणी घातलं तर आग बसली आणि गवत आणखी वर आलं. माझं विचाराल तर नुसती प्यायची असेल तर ती अशी, चमचाभर पाणी घालून, आणि एवढीशीच. बर्फ घातला की वास मिटून बसतो.

मग ‘ति-पाँश’ आलं, म्हणजे छोटं पंच. मार्तिनिककडची ही रीत. लिंबाची एक चकती पेल्यात पिळून तशीच टाकायची, चमचाभर उसाचा पाक, वर रम. बर्फ नाही, सोडा नाही. पाक म्हणजे काय तर आपल्या काकवीची गोरी बहीण. लिंबाच्या सालीतलं तेल आणि रमचा हिरवेपणा यांचं इतकं जमतं की रसवंतीवाल्यांविषयीचा माझा संशय इथं खरा ठरला. नुसत्या रमपेक्षाही हे मला जास्त आवडलं. मार्तिनिकला बाटली, लिंबं आणि पाक टेबलावर मांडून ठेवतात आणि ज्याचं त्यानं करून घ्यायचं. त्यावर तिकडची एक म्हण आहे, प्रत्येकानं आपापलं मरण आपणच कालवावं. मुलीनं ती हसत सांगितली. जावईही हसला. मी पेला खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

पुढची दोन पेयं जावयाची. मी त्यातला घोट घोट चाखला. एक डाइकिरी, म्हणजे रम, लिंबू, साखर आणि बर्फ एकत्र घुसळून गाळलेलं. हे मूळचं क्यूबाचं, आणि तिथं हलक्या, मळीच्याच रमनं करतात. रसाच्या रमनं ते केलं की जणू कुणी लिंबू-सरबतात शेत ओतलंय. छान, पण थोडं धसमुसळं. दुसरं अननस आणि नारळाचं, वर कागदी छत्री. त्यात रम होती हे बिलावरून कळलं. कोलात घालून पाहूया का, असं त्यानं विचारलं तेव्हा मी सासरेपणाचा अधिकार वापरून नाही म्हटलं. आणि एक प्रकार होता ‘रम आरांजे’: पांढऱ्या रममध्ये लिची, व्हॅनिलाची शेंग, संत्र्याची साल असं काहीबाही घालून महिनोन्‌महिने बरणी मुरत ठेवायची. तिकडं घरोघरी करतात, आणि प्रत्येकाची आई सगळ्यांत चांगली करते. लोणच्याचंच तत्त्व. चव गोड, औषधी, पाहुण्यांना द्यायला बरी. पण मुरलं की ऊस मागं पडतो.

बाहेर आलो तर ही आणि टॅक्सीवाला एका बाकावर बसून संत्री खात होते. मी त्याला म्हटलं, तुम्ही पर्यटकांना इतक्यांदा इथं आणता, कधी चाखलीत का? तो नुसता मान हलवून नाही म्हणाला. गाडी घाट उतरायला लागल्यावर आपणहून बोलला. त्याचा बाप ऊसतोड्या. शनिवारी पगार व्हायचा. पगार घेऊन दुकानात. स्वस्त रम मळीची, ती नाही परवडली तर ‘तिलांबिक’, म्हणजे चोरून गाळलेली. आई पोरांना घेऊन फडाच्या कडेला बसायची, बाप झोपेपर्यंत. “मला ऊस आवडतो, भाऊ,” तो म्हणाला. “फांगुरें आवडतं.” फांगुरें म्हणजे त्यांच्या क्रिओलमध्ये उसाचा ताजा रस. “पण पुढं जे होतं ते नाही.” मागच्या सीटवर ही गप्प होती. मीही. माझ्या तोंडात अजून तो हिरवा वास होता, आणि तो घेऊन या माणसाशेजारी बसल्याची मला लाज वाटली.

ज्याच्या हातानं दगड वेचले, ऊस तोडला, त्याच्या वाट्याला मळी. रसाची रम पेल्यामागं इतक्या रुपयांना, बागेत बसून. आणि दोन्हींत मद्यार्क तोच, यकृताला फरक कळत नाही. हे सगळं मला त्या घाटातच समजत होतं. तरीही तो वास खोटा होता असं मला म्हणता येईना.

परत आल्यावर इकडं वेगळीच गंमत. आपल्याकडंही रसाचा थेट मद्यार्क होतोच की. तो माणसाच्या पोटात न जाता गाडीच्या टाकीत जातो. २०१८ च्या जैवइंधन धोरणानं रसापासून इथेनॉलला वाट करून दिली आणि कारखान्यांनी कर्जं काढून टाक्या उभारल्या. त्याच २०२३ च्या डिसेंबरात, साखर कमी पडेल म्हणून सरकारनं रसाच्या इथेनॉलवर एकाएकी बंधन घातलं. पुढच्या ऑगस्टमध्ये ते उठवलं. माझे जुने सहकारी त्या दिवसांत फोनवर फार काळजीनं बोलत. उसाच्या रसाचं आपण गूळ केला, साखर केली, पेट्रोल केलं. चवीनं प्यावं असं काही त्यातून होईल, हा विचार आपल्या ऊसपट्ट्यात तरी फारसा कुणी केला नाही. करावा असंही मी म्हणत नाही.

शामारेलहून मी एक बाटली आणली होती. आमच्या राज्यात पिण्यासाठी परवाना लागतो, १९४९ चा कायदा आहे. बँकेत आयुष्य गेल्यानं मी आधी तो काढला. मग बाटली कपाटात पडून राहिली. जानेवारीत गावी गेलो तेव्हा ती बॅगेत होती. का घेतली, मला माहीत नाही. आण्णाच्या मुलानं गुऱ्हाळ पुन्हा सुरू केलं आहे, सेंद्रिय गुळाचं. वहिनी सत्तरीच्या आहेत, काहिलीजवळ खाट टाकून बसतात आणि गुळव्याला चुका दाखवतात.

संध्याकाळी चुलवाण निवल्यावर मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. बेट, दगडांचे ढीग, टॅक्सीवाला, पेला. लपवलं नाही. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “आणा बघू भावजी ती बाटली.”

मी झाकण काढून दिलं. त्यांनी पदर नाकाला लावावा तशी बाटली नाकाशी नेली. डोळे मिटले. मला वाटलं, आता टाकून देतील. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला.

“ह्यात रस हाय,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “ह्यांच्या तोंडाला असला वास कधी आला न्हाई बघा.”

झाकण त्यांनीच लावलं, घट्ट. बाटली मला परत दिली आणि पुतण्याला हाक मारून सांगितलं, भावजींना तांब्याभर रस दे, चरकाखालचा.